उमेदवारास काय विचारावें?

निवडणूक आली म्हणजे उमेदवार गांवांत येतात, पारावर सभा होते, आणि कोणी प्रश्न विचारलाच तर "आपला पाणीप्रश्न आम्ही सोडवूं" एवढेंच उत्तर मिळतें. आमचें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें असल्यामुळें "योग्य ती कार्यवाही होईल" या शेऱ्याची किंमत आम्हांस ठाऊक आहे. ज्या शेऱ्यांत मुदत नाहीं व काम कोणी करावयाचें तें नाहीं, तो अर्ज दप्तरीं लावण्याचा मार्ग होय.

आपल्या उजनीचेंच उदाहरण घ्या. धरणाची एकूण सांठवण सुमारें ११७ टी. एम. सी.; पैकीं ६३.७ मृतसांठा, उपयुक्त पाणी अवघें ५३.५. त्यावर डावा व उजवा कालवा, भीमा-सीना जोडकालवा, उपसा योजना, ऊंस आणि सोलापूर शहराचें पिण्याचें पाणी, इतक्यांचा भार. २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण उणे टक्क्यांत गेलें होतें. तेव्हां "सर्वांस पाणी देऊं" हें उत्तर गणितांतच बसत नाहीं. एकास जास्त दिलें तर दुसऱ्याचें कमी होणार. तें कोणाचें, हें सांगण्याचें धैर्य मतदारास हवें असतें. "या पांच वर्षांत तुमच्या शिवारांत पाणी येणार नाहीं" असें कोणी स्पष्ट सांगितलें, तरी शेतकरी ऊंस न लावतां ज्वारी, करडई पेरील. खोट्या आशेवर कर्ज तरी काढणार नाहीं.

दुसरी अपेक्षा आदराची. २०१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांतील शेतकरी उजनीच्या पाण्यासाठीं मुंबईस आझाद मैदानावर उपोषणास बसला. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनीं भर सभेंत जी थट्टा केली, तिच्याबद्दल त्यांस जाहीर क्षमा मागावी लागली. नकार शेतकरी सोसतो, थट्टा सोसत नाहीं.

२००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवारास आपली मालमत्ता, शिक्षण व फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रांत लिहून द्यावे लागतात. परंतु पाण्याविषयीं त्यांचें मत कोणताही कायदा लिहून घेत नाहीं. तें काम आपलें आहे.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस सूचना अशी कीं, चार गोष्टी विचाराव्या: पाणी किती, कोठून, केव्हांपर्यंत, आणि कोणाच्या वाट्यांतून? आमदारकी भोगलेला उमेदवार असेल तर पांचवी: कालवा सल्लागार समितींत आपण आमच्या आवर्तनाविषयीं काय बोललां? उत्तर तारखेसह वहींत उतरून चावडीवर वाचून दाखवावें, आणि ती वही पुढील निवडणुकीपर्यंत जपून ठेवावी. बोललेलें विरतें, लिहिलेलें उरतें.