‘वचन’ नावाची स्टाइल

सरकारी पैशांतून घेतलेल्या संगणकांच्या कळफलकावर रोमनसोबत देवनागरी अक्षरेही हवीत, हा ३ फेब्रुवारी २०२५ चा शासन निर्णय गाजला. कळफलकाचे झाले, चांगलेच झाले. पण टाइप केलेले मराठी पानावर नीट बसवण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हे काम म्हणजे वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये आपल्या मजकुराला लागतील तशा स्टाइल स्वतः तयार करणे.

सोलापुरात त्याची निकड अधिक आहे. बाराव्या शतकातले इथले कन्नड वचनकार सिद्धरामेश्वर यांच्यावर मराठीत प्रबंध लिहायचा तर त्यांची वचने मूळ कन्नडमध्ये द्यावीच लागतात. विवेचन मराठी, मध्ये कन्नड वचन, तळटिपेत इंग्रजी ग्रंथाचे नाव. एका पानावर तीन लिप्या. विद्यार्थी एकेक वचन निवडून फॉन्ट बदलतो, समास आत घेतो. प्रबंध हातावेगळा होत आला की मार्गदर्शक म्हणतात, ‘वचनांचं अक्षर थोडं मोठं करा.’ की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

त्याऐवजी नवी परिच्छेद-स्टाइल करावी आणि तिला ‘वचन’ हेच नाव द्यावे. कन्नड फॉन्ट, आकार, दोन्हीकडचे समास, वरखालची जागा सगळे त्यातच ठरवायचे. पुढे स्टाइलमध्ये एकदा बदल केला की प्रबंधातली सगळी वचने एकदम बदलतात. लिब्रेऑफिसमध्ये एफ ११ दाबले की स्टाइलची यादी समोर येते.

मराठी माणूस अडतो तो पुढच्या पायरीवर. ही सॉफ्टवेअर रोमनचा फॉन्ट वेगळा ठेवतात आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा वेगळा. देवनागरी या दुसऱ्या रकान्यात येते. वरच्या रकान्यात सोळा आकार आणि बोल्ड केले की इंग्रजी शब्द ठळक होतात, मराठी शीर्षक मात्र होते तसेच बारीक राहते. लोक वैतागून स्टाइलचा नाद सोडतात तो इथेच. कन्नडही याच रकान्यात मोडते. म्हणून मराठी मजकुराची आणि वचनाची स्टाइल वेगळी हवी.

स्टाइलमध्ये भाषाही नोंदवता येते आणि माझ्या मते हाच सगळ्यांत मोलाचा भाग आहे. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितला. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ही मराठी वळणे आहेत, पण ती उमटतात मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावर. भाषा हिंदी राहिली तर त्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरे येतात. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ या एका नावात ‘ल’ तीनदा येतो, ‘श’ही आहे. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर ती अक्षरे मराठी वळणाची नसावीत, याचे मला वाईट वाटते.

शीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल दिली की अनुक्रमणिका पृष्ठक्रमांकांसह आपोआप तयार होते, ते वेगळेच.

मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती आहे: विषय पक्का झाला त्याच दिवशी ‘प्रकरण’, ‘मजकूर’, ‘वचन’ आणि ‘तळटीप’ या चार स्टाइल भाषेसह ठरवलेली कोरी फाइल विद्यार्थ्याच्या हाती द्या. प्रबंध लिहून झाल्यावर हे काम दहापट वाढते.