उद्याचे काम, आजची विद्या : लेखांक सातवा – म्यूल, रिंग आणि कामगाराचे कसब

नवे यंत्र आले म्हणजे मनुष्याचे काम नाहीसे होते हे म्हणणे अर्धसत्य होय, असे गेल्या लेखांकात आपण पाहिले. कामात मुरलेले ज्ञान यंत्राबरोबर आपली जागा बदलते, आणि ते कोणाच्या हातून निघून कोणाच्या हाती गेले यावर त्या धंद्याचे व त्यातील माणसांचे भवितव्य ठरते. हा सिद्धांत पारखून घेण्यास सूतगिरणीच्या इतिहासाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

इंग्लंडात सॅम्युएल क्रॉम्प्टनने 1779 मध्ये सिद्ध केलेल्या म्यूल यंत्राची गाडी पुढे सरकताना धागा ताणून त्यास पीळ देई, आणि मागे परतताना तोच धागा चातीवर गुंडाळी. ही गाडी चालविणे मोठ्या कसबाचे काम असल्यामुळे कसबी कातणाऱ्यांचा गिरणीत दरारा असे. तो मोडावा याच हेतूने, संपांनी त्रासलेल्या मालकांच्या आग्रहावरून, रिचर्ड रॉबर्ट्‌सने 1830 पर्यंत स्वयंचलित म्यूल तयार केले. तथापि मालकांचा हिशेब चुकला. यंत्राची निगा, मदतनीस पोरांवरील देखरेख आणि धाग्याची पारख ही कामे त्याच कामगाराकडे राहिली, आणि त्याच्या संघटनेने मजुरीची दरपत्रके मालकांकडून मान्य करून घेऊन आपली वहिवाट कायम केली.

दरम्यान अमेरिकेत 1828 च्या सुमारास रिंग चातीचा शोध लागला होता. कड्याभोवती फिरणाऱ्या एका लहानशा आकड्याच्या योगाने पीळ देणे व गुंडाळणे या दोन्ही क्रिया तीत एकाच वेळी, अखंड चालत. त्यामुळे दर चातीमागे सूत अधिक निघे आणि कामगारास शिकवण्यास वेळही थोडा लागे. असे असूनही पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडच्या सूतधंद्याचे केंद्र असलेल्या लँकेशायरमधील दर पाच चात्यांपैकी सुमारे चार म्यूलच्याच होत्या. याला निव्वळ हटवादीपणा म्हणता येत नाही: कसबी कामगार तेथे मुबलक होते, तलम सूत म्यूलवर उत्तम निघे, आणि कातणी व विणाई वेगवेगळ्या गिरण्यांत चालत असल्यामुळे रिंगवरील जड लाकडी बॉबिनांच्या वाहतुकीचा भुर्दंड पडे. प्रत्येक मालकाचा नफातोट्याचा हिशेब आपापल्यापुरता बिनचूक होता, आणि अशा बिनचूक हिशेबांची बेरीज होऊन सारा धंदा मागे पडला.

नागपुरास चित्र निराळे होते. 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसाठी जमशेटजी टाटांनी आरंभी घेतलेली यंत्रे हलकी ठरली. तेव्हा त्यांनी यंत्रे बदलली, आणि 1883 च्या सुमारास मोजके रिंग साचे आणून, ते आपल्या कापसावर व आपल्या माणसांकडून चालवून पाहून, मगच सरसकट स्वीकारले. जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. ओसाका येथे 1883 मध्ये उघडलेल्या मोठ्या गिरणीने प्रथम म्यूलच घेतले होते; पण रिंगवर ताण सोसणारा धागा लागतो हे ओळखून तेथील तज्ज्ञांनी निरनिराळ्या जातींचे कापूस मिसळण्याचे शास्त्र आत्मसात केले, शतकाच्या अखेरीस बहुतेक धंदा रिंगवर आणला, आणि चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला मागे रेटले. 1930 नंतरच्या दशकात कापडाच्या निर्यातीत जपानने इंग्लंडलाही मागे टाकले.

परंतु या यशाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. हाताचे कसब यंत्रात गेल्यावर जपानी गिरण्यांनी खेड्यांतील अल्पवयीन मुली आणून त्यांना वसतिगृहांत कोंडले आणि रात्रपाळीस जुंपले. मुंबईत 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि लँकेशायरहून येणाऱ्या तज्ज्ञांची जागा घेणारे देशी अधिकारी हळूहळू तयार झाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण साच्यापुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराला मात्र नोकरी आणि तालीम या दोहोंसाठी जॉबरच्या, म्हणजे कामगारांची भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवरच विसंबावे लागे. एम्प्रेस मिलने 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला होता. तशी तजवीज त्या काळी अपवादात्मकच होती.

आज संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता कचेरीतील कारकुनाचे, हिशेबनिसाचे व भाषांतरकाराचे कसब आपल्यात सामावून घेत असताना हाच प्रश्न नव्या वेषात उभा आहे. यंत्र पैसे टाकून विकत घेता येते. ते आपल्या मालावर आणि आपल्या माणसांकडून चालवून पाहण्याची विद्या ज्याची त्यालाच कमवावी लागते. ती विद्या अधिकाऱ्यांच्या दालनातच कोंडून राहिली, तर उत्पादन वाढेल, परंतु काम करणारा माणूस लहानच होत जाईल. म्हणून नव्या यंत्राच्या खरेदीचा खर्च मंजूर करणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याच बैठकीत, ते यंत्र ज्याच्या पुढ्यात ठेवले जाणार त्याच्या शिक्षणाचा खर्चही मंजूर केलाच पाहिजे.