वजन किती, त्याहून कुठे?

दिंडोरीहून वणी-नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या टपावर कॅरियर असतं आणि त्यावर बांधलेला बोजा. घाटातल्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, ते या बोज्यामुळे जास्तच.

वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गाडी जितकी जड, गुरुत्वमध्य जितका उंच, तितका जास्त. टायरची पकड भाराबरोबर वाढते खरी, पण त्याच प्रमाणात नाही. बाहेरची चाकं जेवढी पकड कमावतात, त्याहून आतली चाकं अधिक गमावतात. म्हणून टपावरचे वीस किलो डिकीच्या तळाशी ठेवलेल्या वीस किलोंपेक्षा जास्त त्रास देतात.

डिकीलाही मर्यादा आहेच. मागच्या आसाच्या पलीकडे ठेवलेलं वजन पुढची चाकं उचलू पाहतं आणि स्टीअरिंग हलकं, बेभरवशाचं होतं. द्राक्षांचे क्रेट पिकअपच्या शेपटाकडे रचले तरी हेच होतं. उलट, पुढे बसवलेलं लोखंडी बुलबार नाक जड करून गाडीला वळायला आळशी बनवतं. त्यावर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने राज्यांना 2017 मध्येच दिल्या आहेत.

हौसेने बसवलेले मोठे अलॉय व्हील कंपनीच्या लहान स्टील रिमपेक्षा कधीकधी जडच निघतात, तेव्हा काट्यावर तोलूनच घ्यावेत. स्टेपनी आणि जॅक मात्र वजनाच्या नावाखाली घरी ठेवू नयेत.