तिकिटाआधीची निवडणूक

विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ ला लोहाऱ्यात मतदानाच्या रांगा लागल्या, त्याआधी तीन आठवडे निम्मी निवडणूक होऊन गेली होती. कोणत्या पक्षाचा उमेदवार कोण, हे २९ ऑक्टोबरच्या दुपारी तीनपर्यंत ठरलं होतं. या निम्म्या निवडणुकीत सामान्य मतदाराला मत नसतं. आणि जात काढून माणसाला मागे ओढायला सर्वांत मोकळं रान मिळतं ते इथेच. कसं, ते पायरीपायरीने पाहू.

लोहारा तालुका उमरगा मतदारसंघात येतो. २००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. म्हणजे उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार मात्र सगळे. राखीव जागेवर जातीचा प्रश्न मिटला, असं लांबून वाटतं. पण महाराष्ट्राच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. त्यांतल्या कोणाला उभं करायचं हे ठरवताना यादीबाहेरच्या समाजांची पसंतीही मोजली जाते. प्रश्न मिटत नाही, फक्त तिकिटाच्या दारात जाऊन उभा राहतो.

पहिली पायरी इच्छुकांची. ते पक्षाकडे अर्ज करतात, मुलाखती देतात, निरीक्षकांना भेटतात. नेते पाहतात ती ‘निवडून येण्याची क्षमता’, म्हणजे पैसा, माणसं आणि जातीचं गणित. शेवटी हातात पडतो एबी फॉर्म. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला, हे ए फॉर्म सांगतो. उमेदवार कोण, हे बी फॉर्म. दोन्ही फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले, तरच पक्षाचं चिन्ह मिळतं. तोवर कोणाचाही पत्ता कट होऊ शकतो. म्हणून कुजबूज शेवटच्या तासापर्यंत थांबत नाही.

राखीव जागांवर ही कुजबूज साधारण तीन वाटांनी येते. पहिली वाट सर्वांत सभ्य दिसणारी: ‘माणूस चांगला आहे हो, पण बाकीच्या समाजात चालणार नाही.’ दुसरी अनुसूचित जातींमध्येच भिंत घालते: बौद्ध की हिंदू दलित, मातंग की चर्मकार. तिसरी दाखल्याची: ‘त्याचा जातीचा दाखलाच खोटा आहे.’ दाखल्यावर शंका घेणं गैर नाही. त्यासाठी राज्याचा कायदा आहे, पडताळणी समित्या आहेत. पण समितीपुढे कागद न ठेवता तीच शंका निरीक्षकाच्या कानात सांगितली, की इच्छुकाला उत्तर द्यायला जागाच उरत नाही.

मग कायदा कुठे आहे? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणं किंवा मत देऊ नका म्हणणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की यात मतदारांच्या जातीधर्माचं आवाहनही येतं. तो खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा होता. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटं पसरवणंही याच कलमात येतं. पण कलम ७९ म्हणतं, उमेदवार म्हणजे ज्याचं नामनिर्देशन झालं आहे तो. तिकिटासाठी धडपडणारा इच्छुक या व्याख्येत बसत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार आहे, पण तो अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने केलेल्या अपमानासाठी. राखीव जागेवर दोन इच्छुक एकमेकांची जात काढतात, तेव्हा तोही लागू होत नाही. मानहानीचा दावा करता येतो, पण त्याचा निकाल लागेपर्यंत एबी फॉर्म कधीच दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

ही निवड बंद दाराआडच व्हावी, असं काही अटळ नव्हतं. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रत्येक राखीव जागेसाठी प्राथमिक निवडणूक ठरवली होती. आधी अस्पृश्य मतदारांनी चार नावं निवडायची, मग त्यांतून सर्व मतदारांनी एक. तिची मुदत दहा वर्षांची होती. लोहारा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने ही पद्धत इथे आलीच नाही. त्या पद्धतीतलं एक दुखणं बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं: समाजाने पहिल्या क्रमांकावर ठेवलेला माणूस इतरांच्या मतांवर पडू शकतो. ‘बाकीच्या समाजात चालणार नाही’ या वाक्याची ताकद तिथूनच येते.

दार उघडलं की कुजबूज आपोआप थांबते, असंही नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरतो. तरी २००० साली साउथ कॅरोलायनात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी इच्छुक असलेल्या जॉन मॅकेन यांना अनैतिक संबंधांतून झालेली कृष्णवर्णीय मुलगी आहे, अशी अफवा पसरवली गेली. ती मुलगी त्यांनी बांगलादेशातून दत्तक घेतलेली होती. मॅकेन तिथे हरले. पण तिथे निदान मतदार ठरवत होता, आणि मॅकेन त्याच्यासमोर उभे राहून बोलू शकत होते. आपल्या इच्छुकाला तेवढंही मिळत नाही.

एक खिडकी मात्र उघडली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालानुसार गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, हे पक्षांना जाहीर करावं लागतं, आणि निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही. हाच नियम प्रत्येक तिकिटाला लागू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. कारण लिहून द्यावं लागलं, तर ‘याची जात अडचणीची आहे’ असं कागदावर उतरवायला कोणी धजणार नाही.

तोवर काम आपल्याकडे आहे. चहाच्या टपरीवर कोणी म्हणेल, ‘तो चालणार नाही.’ तिथेच शांतपणे विचारावं: कोणाला चालणार नाही? इतरांच्या नावावर खपवलेलं हे मत बहुतेक वेळा बोलणाऱ्याचं स्वतःचंच असतं. एकदा ते त्याच्या नावावर टाकलं, की निरीक्षकाच्या कानात ते ‘लोकांचं म्हणणं’ म्हणून सांगता येत नाही.