मूतखडा आणि आपली राहणी

मूतखडा झाला असे कळले की शेजारीपाजारी दोन गोष्टी हमखास सांगतात. टोमॅटो-पालक बंद करा आणि कुळथाचे कढण प्या. सल्ला आपुलकीचा असतो. परंतु खडा कोणत्या प्रकारचा आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात आणि पालकाचे पथ्य त्यांतील ऑक्झलेटच्या खड्यांसाठी असते. साधारण दहात एक खडा मात्र युरिक ॲसिडचा असतो. त्याचे कारण वेगळे व उपायही वेगळा. त्याच्याविषयी येथे थोडी माहिती देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७६ साली मूत्राशयातील खड्यातूनच हे आम्ल प्रथम शोधून काढले. आपल्या शरीरातील पेशींची झीज होताना आणि मांस-मासळीसारख्या अन्नाचे पचन होताना ते तयार होते व बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते.

मग खडा का होतो? रक्तात युरिक ॲसिड वाढले म्हणून, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात या खड्याच्या पुष्कळ रुग्णांत मुख्य दोष लघवीच्या आम्लतेचा असतो. आम्लता पी.एच. या मापाने मोजतात. आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. हा आकडा साडेपाचच्या खाली राहिला की युरिक ॲसिड नीट विरघळत नाही आणि त्याचे कण साचू लागतात. साडेसहाच्या आसपास तेच कितीतरी अधिक प्रमाणात विरघळते.

लघवी अशी सतत आम्ल का राहते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. पोटाचा घेर वाढला, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, म्हणजे मूत्रपिंडात अमोनिया कमी तयार होतो. आम्लाला बांधून बाहेर नेण्याचे काम हा अमोनिया करतो. तो कमी पडला की लघवीची आम्लता वाढते. म्हणूनच लठ्ठपणा आणि मधुमेह असणाऱ्यांत हा खडा अधिक आढळतो. कधी कधी मधुमेहाची चाहूल लागण्यापूर्वीच खडा होतो. तेव्हा खडा निघाला, आता सुटलो, असे समजू नये. रक्तातील साखर, रक्तदाब, चरबी आणि कमरेचा घेर तपासून घ्यावा. पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हावे.

यात एक दिलासाही आहे. हा खडा पुष्कळदा औषधाने विरघळू शकतो. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीची आम्लता कमी करतात. मात्र हे औषध मनाने घेऊ नये. मूत्रपिंड अशक्त असल्यास पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकते. खाण्याचा सोडाही सर्रास घेऊ नये. रक्तदाबाच्या रुग्णास तो अपायकारक ठरतो. आणखी एक गोष्ट: हा खडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. सोनोग्राफी किंवा सी.टी. स्कॅनमध्ये तो दिसतो.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हातान्हात, भट्टीजवळ काम करणाऱ्यांचे पाणी घामावाटे जाते. त्यांनी विशेष काळजी घ्यावी. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. कलेजी, गुर्दा, सुकी मासळी यांचे प्रमाण कमी करावे. दारू आणि गोड शीतपेये टाळावीत. भाज्या व फळे वाढवावीत. रोज चालावे. वजन हळूहळू उतरवावे. कडक उपासाने युरिक ॲसिड उलट वाढते.

लघवीतून खडा पडला तर फेकून देऊ नका. डबीत घालून तपासणीस द्या, म्हणजे त्याचा प्रकार कळेल व पथ्य नेमके ठरेल. कळांबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर काढ्यावर वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठा. त्या वेळी काही तासांचा उशीरही मूत्रपिंडाला, प्रसंगी प्राणालाही, घातक ठरतो.

कळ थांबली की माणूस खडा विसरतो, आणि खडा पुन्हा होतो. घरातील कर्त्या माणसाचे मूत्रपिंड निकामी झाले तर सारे कुटुंबच अडचणीत येते. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे की, खडा काढून थांबू नका. तो ज्या राहणीतून झाला, ती राहणीही बदला.