शंकरपटाचा छकडा

शंकरपटाचा छकडा ही विदर्भातील शंकरपट या बैलांच्या शर्यतीत वापरली जाणारी हलकी, दोन चाकांची गाडी होय. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात सुगीनंतर शंकरपट भरतात. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक अशी तेथील प्रथा आहे.

रचना

मालवाहू गाडीला धानाचा भार पेलावा लागतो, छकड्याला केवळ हाकणाऱ्याचा. त्यामुळे मालासाठीचा सांगाडा गाळून जू, दांड्या, आस, चाके व लहानशी बैठक एवढेच भाग ठेवले जातात.

वजन आणि वेग

पट सरळ व अंतर थोडे असल्याने सुरुवातीच्या वेगवाढीला महत्त्व असते. ओढ तेवढीच असता वस्तुमान घटल्यास त्वरण वाढते. चाक पुढे सरकते आणि फिरतेही. म्हणून त्याच्या परिघावरील एक किलो वजन वेग घेताना बैठकीवरील सुमारे दोन किलोंइतके भारी पडते. पिकअप मोटारींच्या ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीतही याच तत्त्वाने जादा आसने व अनावश्यक भाग काढतात. मात्र बैलजोडीचे वजन छकड्याच्या कित्येक पट असल्याने एका मर्यादेपुढे लाभ घटतो. आस किंवा जू कमकुवत झाल्यास बैलांना व हाकणाऱ्याला इजा होण्याचा धोका वाढतो.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली.