25 लाखांनी भागलेलं नागपूर

नागपुरात एक खून झाला की शहराचा लाख लोकसंख्येमागचा खुनाचा दर 0.04 ने चढतो. मुंबईत तसाच एक खून झाला तर दर जेमतेम 0.005 ने हलतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो (एनसीआरबी) महानगरांचे दर काढताना 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या धरत आली आहे: नागपूर 25 लाख, मुंबई 184 लाख. म्हणजे क्रमवारीत नागपूरचा एक खून मुंबईतल्या सातांहून जड. समजा, वर्षात 90 खून झाले. दर आला 3.6. शहरात आता 30 लाख माणसं आहेत असं धरलं, तर तेच 90 खून 3.0 वर उतरतात.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात विरोधक ‘क्राइम कॅपिटल’ म्हणत जो दर फडकावतात, तो याच भागाकारातून आलेला असतो. 2014 पासून बहुतेक काळ गृहखातं देवेंद्र फडणवीस किंवा अनिल देशमुख या नागपूरकडच्याच नेत्यांकडे राहिलं, त्यामुळे इथला प्रत्येक आकडा थेट मंत्र्याच्या दारात जातो.

टोळ्यांचा हिशेब तर आणखी चक्रावून टाकतो. एकाच एफआयआरमध्ये खून, खंडणी, दरोडा आणि बेकायदा पिस्तूल असलं, तरी मोजणीत सर्वांत गंभीर तो एकच गुन्हा धरतात. चारांचा एक होतो. खून ‘टोळीयुद्धातून’ झाला की ‘वैयक्तिक वैमनस्यातून’, हे पोलिसांच्या तपासावर ठरतं. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या मकोका कायद्याला टोळी म्हणायला दोन माणसं पुरतात. पण मागच्या 10 वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं आणि वरिष्ठांची पूर्वमंजुरी लागते. पोलिसांनी मकोकाचा सपाटा लावला की कागदावर टोळ्या वाढतात, हात आखडता घेतला की घटतात. वस्तीतली दहशत मात्र तेवढीच असू शकते.

नागपुरातल्या कस्तुरबानगर वस्तीच्या बायकांनी ही दहशत भोगली. अक्कू यादवच्या टोळीविरुद्ध तक्रार घेऊन गेलं की पोलीस हाकलून लावतात, असं त्या सांगत होत्या. जी तक्रार लिहिलीच गेली नाही, ती कुठल्या तक्त्यात येणार? 13 ऑगस्ट 2004 रोजी जमावाने भर न्यायालयात अक्कूला ठार केलं. त्याची नोंद मात्र लगेच झाली: खून, एक. वस्तीची कित्येक वर्षं शून्यात गेली, याचा मला आजही संताप येतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. ती लोकसंख्या वापरात आली की नागपूरचा दर एका रात्रीत उतरेल, एकही खून न टळता.